कुजबुजे थांबायला शिकला

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुजे म्हणत. आडनाव वाटावं असं हे टोपणनाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचा नेम अचूक होता. तो आमचा प्रॉम्प्टर. विंगेत, काळ्या पडद्याच्या घडीआड, एका बुटक्या स्टुलावर बसायचा. मांडीवर नाटकाची संहिता, हातात काचेवर लाल कागद चिकटवलेली छोटी बॅटरी. रंगमंचावर कुणाची जीभ अडखळली की पुढचा शब्द त्याने पुरवायचा. तो शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला नाही. असा आवाज फार थोड्यांना मिळतो.

त्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली होती की बाहेरच्या जगातही तो तसाच बोलायचा. दुकानात गेला की दुकानदार दोनदा "काय?" म्हणून विचारायचा आणि तिसऱ्यांदा अंदाजाने काहीतरी बांधून द्यायचा. कांदे आणायला गेलेला कुजबुजे काकड्या घेऊन आला, हे आमच्याकडे नित्याचं. परत करायलाही जायचा नाही. "असू दे, काकडीही चांगली असते," म्हणायचा, आणि तेही धड कुणाला ऐकू यायचं नाही.

लोकांना वाटतं प्रॉम्प्टरचं काम बोलण्याचं. माझ्या मते ते गप्प बसण्याचं. नट बोलता बोलता थांबतो तो दोन कारणांनी. एक तर तो वाक्य विसरलेला असतो, नाहीतर ते त्याने मुद्दाम रोखून धरलेलं असतं. विसरलेल्याला शब्द द्यायला उशीर झाला तर तो बुडतो, आणि थांबलेल्याला शब्द दिला तर त्याची सगळी कमाई मातीत जाते. हा फरक ओळखण्यात कुजबुजेचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"कसं रे कळतं तुला?" मी एकदा विचारलं होतं.

"श्वासावरून, बाई. विसरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. थांबलेला घेत असतो."

एवढंच. जन्मभराची विद्या त्याने अशी दोन वाक्यांत माझ्या ओंजळीत टाकली आणि चहा प्यायला निघून गेला.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे त्या दुपारच्या प्रयोगात जे झालं, ते त्याच्या हातून होईल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं.

मी त्या नाटकात म्हाताऱ्या आईचं काम करत होते. मेकअपला फार वेळ लागत नव्हता, वयाने बरंचसं करून ठेवलं होतं. तिसऱ्या प्रवेशात कित्येक वर्षांनी मुलगा दारात येऊन उभा राहतो. आईच्या हातात पुसायला घेतलेली थाळी. ती बघते. बघतच राहते. राग, माया, आतापर्यंतचं सगळं तोंडाशी येतं, आणि शेवटी ती एवढंच म्हणते, "जेवलास का?" त्या वाक्याआधीची शांतता म्हणजे तो प्रवेश. बाकीचं सगळं सामान होतं. पहिल्या प्रयोगापासून कुजबुजेने ती शांतता स्टुलावरून पाहिली होती, माझ्याइतकीच त्याच्या अंगवळणी पडली होती.

त्या दुपारी मी थाळी धरून थांबले. थिएटर माझ्याबरोबर थांबलं. आणि विंगेतून, अगदी स्पष्ट, आवाज आला, "जेवलास का?"

दुसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दोघं हसले. मी वाक्य घेतलं, न घेऊन सांगते कुणाला, पण तो प्रवेश पुढे लंगडतच गेला.

मध्यंतरात आमच्या विनोदी नटाने लगेच हात धुऊन घेतले. "आज कुजबुजेने बाईंना जेवायला विचारलंय. बाई, काय खाणार?" सगळे हसले. मीही हसले. नटांच्या टवाळीला हसलं नाही की ती वाढते. पण मग मी विंगेत गेले. कुजबुजे भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला होता. बॅटरी अजून चालूच होती.

"बाई, माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मी विसरले नव्हते ते तुला माहीत होतं. माझं राहू दे. तुला काय झालंय?"

त्याने बॅटरी बंद केली. "मुलाचं निदान झालं," तो म्हणाला.

त्याचा मुलगा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. चौथं वर्ष लागलेलं. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, ती कामावर असली की कुजबुजे त्याला थिएटरात घेऊन यायचा. कपडेपटातली मावशी त्याला टेबलाखाली बसवून बटणांचा डबा द्यायची. मग तास न् तास त्याचा आवाज नाही. बटणं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायची, ओळ मोडायची, परत लावायची. मावशीनेच त्याला बटणराव नाव ठेवलं. "आमचे बटणराव कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत," ती कौतुकाने म्हणायची. हाक मारली तर बटणराव बघायचे नाहीत, पण दूर कुठे पडदा सरकला तर दोन्ही कानांवर हात ठेवायचे. डब्याचं झाकण घट्ट होतं. कुजबुजे लगबगीने पुढे व्हायचा, "उघडू?" विचारायचा, आणि तो प्रश्न हवेत विरायच्या आधी झाकण उघडून मोकळा व्हायचा.

आम्हाला वाटायचं, शांत मूल आहे. बापावर गेलंय.

"आधी कान तपासले," कुजबुजे सांगू लागला. "कान उत्तम आहेत. मग मोठ्या डॉक्टरीणबाई. त्या त्याच्याशी खेळल्या, आम्हाला पुष्कळ विचारलं, आणि म्हणाल्या, स्वमग्नता. ऑटिझम."

स्वमग्न हा शब्द मला समीक्षकांमुळे माहीत होता. आमच्या एका नायकाबद्दल ते तो दर वर्षी छापायचे. एका लहान मुलासाठी तो मी पहिल्यांदा ऐकला, आणि हसायला काही सुचलं नाही.

कुजबुजेने डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. प्रॉम्प्टरच तो, मधला त्यांचा खोकलासुद्धा सोडला नाही. त्याने त्यांना पहिला प्रश्न विचारला होता, "मी हळू बोलतो. त्यामुळे झालं का?" बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "नाही. तुमच्या आवाजामुळे नाही, आईच्या नोकरीमुळे नाही, कुणी लक्ष दिलं नाही म्हणूनही नाही. त्याचा मेंदू जरा वेगळ्या रीतीने वाढतोय." मग त्याने विचारलं, बरा कधी होईल. त्या म्हणाल्या, "हा ताप नाही, उतरायला. पण तो शिकेल, त्याच्या चालीने शिकेल. तुम्हालाही शिकावं लागेल. कुणी हमखास बरं करणारं औषध सांगितलं तर आधी माझ्याकडे या. आणि थेरपी या आठवड्यातच सुरू करू, वाट बघत बसायला नको."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. "तुझा दोष नाही हे त्यांनीच सांगितलं."

"सासूबाई तिथे नव्हत्या ना." तो भिंतीशी बोलावं तसं बोलत होता. "घरी आल्यावर त्या म्हणाल्या, बाप जन्मभर कुजबुजला, पोरगं बोलायला शिकणार कुणाकडून? ही तिथेच होती. कपड्यांच्या घड्या घालत होती. काही बोलली नाही. ती थांबली होती की तिला पटलं होतं, ते मला कळलं नाही, बाई. नटाचं कळतं. तिचं नाही कळलं."

पुढच्या अंकाची घंटा झाली. मी उठत नाही असं बघून तो भराभर बोलला.

"त्याने बोलायलाच पाहिजे असं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मुलं बोटाने सांगतात, चित्राने सांगतात. माझं काही म्हणणं नाही. पण त्याने माझ्याकडे काहीतरी मागावं. एकदा तरी. भूक लागली की तो कपाटासमोर जाऊन उभा राहतो. मी आलो तर आलो. मी असलो काय आणि कपाट असलं काय, त्याला सारखंच. घरात इतकी शांतता असते, ती आता मला सोसवत नाही. आज तुम्ही थांबलात आणि मला वाटलं, आता कुणीतरी बोलायलाच पाहिजे."

त्या दिवशी पुढच्या दोन्ही अंकांत त्याने एकही चूक केली नाही. कुणी अडखळलंच नाही म्हणा.

थेरपीच्या केंद्रात पहिल्यांदा जायचं होतं त्या सकाळी त्याच्या बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून मी बरोबर गेले. जुन्या इमारतीचा खालचा मजला. बाहेरच्या बोळात एक लांब बाक, त्यावर आईबाप बसलेले. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. कुणी पिशवीचा बंद सारखा करत होतं, कुणी बंद मोबाईलकडे बघत होतं. प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत अशीच शांतता असते, पण तिथे प्रत्येकाला आपलं वाक्य तरी माहीत असतं.

शेजारच्या बाईने कुजबुजेला विचारलं, "नवीन का?"

"हो."

"सुरुवातीचे दिवस कठीण जातात," ती म्हणाली. "मग वेगळे कठीण दिवस येतात. पण त्यांची ओळख होते."

तेवढ्यात तिच्या मुलीचं नाव पुकारलं आणि ती गेली. कुजबुजे कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. नंतर मला म्हणाला, "त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं मी." मी म्हटलं, "काय म्हणणार होतास?"

थेरपिस्ट तरुण मुलगी होती, केसांत पेन्सिल खोचलेली. कुजबुजे "मॅडम" म्हणाला की ती मागे वळून बघायची, कुणाला हाक मारतोय म्हणून. खोलीत जाड सतरंजी, एक बुटकं कपाट, दोन-चार खेळणी. जास्त काही मांडलेलं नव्हतं. बटणराव कोपऱ्यात जाऊन सतरंजीची कड बोटांनी मोजत बसले. ती त्यांच्याजवळ गेली, पण समोर नाही, बाजूला बसली. तिच्याकडे साबणाच्या फुग्यांची बाटली होती. तिने फुंकर घातली. फुगे तरंगले. बटणरावांची बोटं थांबली. परत फुंकर, परत फुगे. मुलगा उठून फुग्यांत शिरला. मग तिने बाटलीला झाकण लावलं, ती समोर धरली आणि गप्प बसली.

मुलाने बाटलीकडे पाहिलं. काही नाही. तिनेही काही नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. आणि कुजबुजेचा हात आपोआप पुढे गेला, त्याने बाटली घेतली, झाकण उघडलं आणि फुंकर घातली.

"बाबा," ती मुलगी म्हणाली, "तुम्ही त्याचं वाक्य खाल्लंत."

"मी काहीच बोललो नाही हो."

"तुमचा हात बोलला."

कुजबुजे ओशाळला. ती हसली, पण खोचून नाही. "सगळे आईबाप हेच करतात. मुलाला काही हवं होण्याआधी हजर. मायेनेच करता. पण मग त्याला तुमच्याकडे यायची गरजच पडत नाही. त्याला हवं ते समोर ठेवायचं, दिसेल असं, पण उघडायला तुम्ही लागाल असं. छोटं वाक्य बोलायचं. आणि थांबायचं. बघणं, हात पुढे करणं, आवाज काढणं, काहीही चालेल. त्याने केलं की लगेच द्यायचं."

"आणि नाहीच मागितलं तर?"

"तर नाही मागितलं. ताटकळत ठेवायचं नाही, रडवायचं तर मुळीच नाही. थोडं थांबायचं आणि देऊन टाकायचं. उद्या परत."

"किती थांबायचं?"

"तुम्हाला वाटेल आता पुरे, त्याच्या जरा पुढे."

परत येताना बस रिकामी होती. बटणराव खिडकीच्या कडेवर बोट फिरवत बसले होते. मी कुजबुजेला म्हटलं, "आयुष्यभर दुसरं काय केलंस तू? थांबलायस ना आमच्यासाठी."

"तुमची वाक्यं मला पाठ होती, बाई," तो म्हणाला. "तुम्ही कितीही थांबलात तरी पुढे काय येणार ते माझ्या मांडीवर लिहिलेलं असायचं. याचं काहीच लिहिलेलं नाही."

त्याच सुमारास आमचं नाटक बंद झालं, आणि ते माझं शेवटचं. कंपनीही विखुरली. कुजबुजेला एका ग्रंथालयात काम मिळालं, तिथे त्याच्या आवाजाला कुणाची हरकत नव्हती. मी मधूनमधून त्याच्या घरी जाऊ लागले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दाराशी आत चपलांचं लाकडी कपाट, आणि नवरा-बायकोचा सगळा संसार त्या कपाटापाशी चालायचा. ती कामावरून यायची तेव्हा हा निघायचा. "खाल्लंय. झोपला नाही. दूध संपलंय." "बरं. किल्ली घेतलीस?" एवढ्यात भेट संपायची. ती गुणी बाई, पण थकलेली. दिवसभर चादरींच्या ढिगात आणि मशीनच्या घरघरीत, घरी आली की तिला बोलण्याचा नाही तर बसण्याचा मोह व्हायचा. निदानाबद्दल दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. रडले असतील, पण पाळी लावून, आपापल्या वेळेला.

समोरच्या घरातला मुलगा पूर्वी खेळायला यायचा, तो यायचा बंद झाला. कुणी भांडलं नाही, काही म्हटलं नाही. दार तेवढं लवकर लागायला लागलं. बागेत कुजबुजे मुलाला न्यायचा ते बाकीची मुलं घरी गेल्यावर, झोके नुसते हलत असताना. "त्याला गर्दी सोसत नाही," तो मला सांगायचा. काही वेळाने म्हणायचा, "मलाही."

घरी रोज बरणीचा प्रयोग व्हायचा. कपडेपटातल्या मावशीने निरोपाला बटणांचा अख्खा डबा बटणरावांना देऊन टाकला होता. कुजबुजेने ती बटणं प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत भरली. झाकण चांगलं घट्ट. मुलगा बरणीपाशी यायचा, बाहेरून बटणांवर बोट फिरवायचा. कुजबुजे खाली बसायचा, "उघडू?" विचारायचा आणि थांबायचा. मुलगा बरणीकडेच बघत राहायचा. मग कुजबुजेच्या कपाळावर घाम यायचा आणि झाकण उघडायचं. कधी मुलगा उठून निघूनच जायचा, आणि उघडी बरणी घेऊन बाप एकटा बसलेला असायचा.

"नाटकात बरं होतं," तो एकदा म्हणाला. "कुणी विसरलं तर माझा उपयोग व्हायचा."

मग एका दुपारी ते दोघं माझ्याकडे आले. त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर भिंत फोडण्याचं काम चाललं होतं आणि त्या आवाजाने मुलगा कान दाबून टेबलाखाली शिरून बसला होता. माझं घर तसं शांत. एका माणसाचं घर शांतच असतं. बटणराव आधी भिंतीला हात लावत लावत सगळ्या खोलीभर फिरून आले. माझ्या खुर्चीला वळसा घालताना त्यांनी मलाही एक हात लावला, खुर्चीला लावला तसाच. मला ते आवडलं.

कुजबुजेने पिशवीतून बरणी काढली, जमिनीवर बसून मांडीवर ठेवली. मुलगा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. बटणांचा आवाज ऐकून त्याची मान थोडी वळली. मग तो आला, बापापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला आणि बरणीकडे बघू लागला.

"उघडू?" कुजबुजे म्हणाला. आणि थांबला.

मी दारापाशी चहाचा कप घेऊन उभी. मुलाने बरणीच्या काठावर बोट ठेवलं. काढलं. पुढे काहीच होईना. मला ती शांतता सहन होईना. रंगमंचावर अशा शांततेवर मी जगले आहे, पण तिथे ती माझ्या ताब्यात असायची. मला वाटलं, पोराला कळत नाहीये, आपणच म्हणावं, अरे बाळा, बाबाला सांग की. मी तोंड उघडलं. कुजबुजेने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. विंगेतून करायचा तसं, अजून नाही, म्हणून. मी तोंड मिटलं.

तो मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो त्याच्या पाठीकडे बघत होता, सदऱ्याखाली पाठ वर-खाली होत होती तिकडे. मीही बघू लागले. मुलगा श्वास घेत होता. संथ, मोठा, एकामागून एक. तो अडला नव्हता. तो येत होता, त्याच्या चालीने.

कप माझ्या हातात गार झाला.

मग मुलाने बापाचं मनगट धरलं. हात उचलला, जड वस्तू उचलावी तसा, आणि झाकणावर नेऊन ठेवला. बरणीकडेच बघत तो म्हणाला, "उघडू?"

आवाज मला जेमतेम ऐकू आला. दोन पावलं मागे असते तर आला नसता. मी आयुष्यभर आवाज ऐकले आहेत, ओळखण्यात माझी चूक व्हायची नाही. तो कुजबुजेचाच आवाज होता. तीच फुंकर, शेवटी तोच प्रश्नाचा बारीकसा चढ. विंगेतून येणारा, नटाला ऐकू जाणारा आणि पहिल्या रांगेला न जाणारा.

कुजबुजेने झाकण उघडलं. लगेच, सांगितलं होतं तसं. काही बोलला नाही, मुलाला कवटाळलं नाही. बटणराव बटणं ओतून घेऊन ओळ लावू लागले, लहानापासून मोठ्यापर्यंत, काही घडलंच नाही अशा थाटात. बाप उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, मघाशी मुलगा उभा होता तिथेच.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हिला सांगायला हवं."

"मग कर की फोन."

"लाँड्रीत मशीन चालू असतात. माझा आवाज तिला ऐकू यायचा नाही."

"मी करते फोन. माझा जाईल शेवटच्या रांगेपर्यंत."

त्याने मान हलवली. "नको, बाई. हे मीच सांगतो." त्याने बटणं गोळा केली. म्हणजे मुलाची ओळ पूर्ण होईपर्यंत थांबला आणि मग गोळा केली. दोघं निघाले, तिच्या सुटण्याच्या वेळेला गेटवर उभं राहायला. मी वरून बघितलं. मुलगा भिंतीला हात लावत चालला होता आणि बाप त्याच्या जरा मागे, भिंत संपेल तिथे वळायचं की नाही ते मुलाला ठरवू देत.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला. मी विचारलं, "मग? काय म्हणाली?"

"गेटवर आम्हाला बघून घाबरली. पडला का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, त्याने माझ्याकडे मागितलं. तिला ऐकू आलं नाही, मागून गाडी जात होती. मी परत सांगितलं."

"आणि?"

"घरी येऊन दोघं बरणी घेऊन बसलो. ही चप्पल काढायचीसुद्धा विसरली. पण तो काही बोलला नाही. बराच वेळ बसलो, तो तिथेच झोपून गेला." कुजबुजे हसला. "केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, असंच होतं. आणि त्याने तुमचंच वाक्य तुम्हाला परत दिलं, तर ते मागणंच समजा. पुष्कळ मुलं अशी ऐकलेल्या वाक्यांतून बोलायला लागतात. उद्या परत, म्हणाल्या."

"आणि बायको?"

"तो झोपल्यावर ती म्हणाली, कसं म्हणाला ते मला करून दाखव." त्याने हातातला चहाचा कप फिरवला. "बाई, मला कुणी काही करून दाखव असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, उघडू? ती म्हणाली, हे तर तू बोललास. मी म्हटलं, हो, असंच. अगदी असंच म्हणाला."

"मग?"

"मग ती गप्प बसली. खूप वेळ. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, सासूबाईंचं ते विचारावं. पण मी बघितलं, ती श्वास घेत होती. म्हणून थांबलो."

त्याने कप बशीत ठेवला, आवाज न करता.

"मग म्हणाली, परत म्हण."